बस, दोन-तीन नंबर

इंदुरात ठरल्या वेळी हमखास येणाऱ्या गोष्टी दोनच. एक नगर निगमची कचरा गाडी, आणि दुसरी कोपऱ्यावरच्या दुकानातले, उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेले पोहे. कचरा गाडीचं गाणं ऐकू आलं की भलेभले लोक ब्रश तोंडात तसाच धरून दाराकडे धावतात, कारण गाडी कुणासाठी थांबत नाही आणि सहा प्रकारचा कचरा वेगवेगळा केला नसेल तर बोलणीही खावी लागतात. या शिस्तीपायी शहर २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं येत राहिलं. गाडी गल्लीबाहेर गेली की मात्र शिस्तीचा त्या दिवसाचा कोटा संपतो. मग प्लंबरपासून पाहुण्यांपर्यंत सगळे "बस, आलोच भिया" या कालगणनेत शिरतात. दवाखानाही त्यातलाच. फरक एवढाच की दवाखान्यात ही कालगणना सांभाळायला एक माणूस पगारी ठेवलेला असतो. त्याला कंपाउंडर म्हणतात.

मोठ्या हॉस्पिटलांत आता त्याला मेडिकल असिस्टंट म्हणतात. गीता भवनाच्या बाजूला गेलात तर गळ्यात पट्टा, हातात टॅब्लेट आणि चेहऱ्यावर प्रशिक्षण घेऊन आलेलं हसू अशी तरुण मुलंमुली दिसतील. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण आज लिहायचंय ते जेल रोड, रामबाग, लोकमान्य नगर अशा भागांतल्या दोन खोल्यांच्या दवाखान्याविषयी. आतल्या खोलीत डॉक्टर, बाहेरच्या खोलीत बाकडी, आणि दोहोंच्या मधल्या झुलत्या अर्ध्या दाराशी स्टुलावर बसलेले कंपाउंडरकाका. केस मागे वळवलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं (तिन्ही कुठल्या ना कुठल्या टॉनिकची), आणि मांडीवर लांबट वही. या वहीला जिल्हाधिकाऱ्याच्या सहीपेक्षा जास्त वजन आहे.

काकांची कामं मोजायला बसू नये. सकाळी शटर वर करणं, उदबत्ती, बाकडी पुसणं, नंबर लिहिणं, वजन, बीपी, इंजेक्शनची तयारी, ड्रेसिंग, वापरलेल्या सुया पांढऱ्या डब्यात आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत टाकणं, फोन, औषधांच्या पुड्या, उधारीची आठवण, सुट्टे पैसे, साडेअकराला पाण्याची मोटर, बाराला डॉक्टरांच्या आईसाहेबांचा रिचार्ज. या यादीतली निम्मी कामं कुठल्याच नोकरीच्या पत्रात लिहिलेली नसतात, आणि नेमकी तीच चुकली तर ओरडा बसतो.

आता इंदूर हे आयआयएम आणि आयआयटी दोन्ही असलेलं शहर. त्यामुळे पोह्यांच्या दुकानातसुद्धा शेजारच्या टेबलावरून 'प्रॉडक्टिव्हिटी' कानावर येते. वेळेच्या नियोजनावरची पुस्तकं इथे सेव-परमलासारखी खपतात. मी त्यातली बरीच चाळली आहेत, आणि माझा ठाम समज झाला आहे की ती लिहिणाऱ्यांपैकी एकालाही कुणी "जरा दार उघडा, उलटी येतेय" असं कधी म्हटलेलं नाही.

पोमोदोरो पद्धत घ्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर समोर ठेवून अभ्यास सुरू केला. पंचवीस मिनिटं एकच काम, मग पाच मिनिटं विश्रांती. छान आहे. पण काकांच्या टेबलावर ते टोमॅटो ठेवलं तर पहिल्या मिनिटाला फोन, दुसऱ्याला "भिया, टॉयलेट किधर है", तिसऱ्याला आतून घंटी, आणि चौथ्याला एखादं पोर ते टोमॅटो उचलून चावायला बघणार. सलग पंचवीस मिनिटं काकांना फक्त डॉक्टर गावाला गेल्यावर मिळतात, आणि तेव्हा ती 'डॉक्टर कधी येणार' या प्रश्नाला उत्तर देण्यात जातात.

दुसरा तो आयझेनहॉवर यांच्या नावाचा चौकोन. कामं चार घरांत वाटायची : तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, वगैरे. आमच्या दवाखान्यात चार घरं आखली तर तीन रिकामी राहतील आणि पहिल्यात चाळीस माणसं दाटीवाटीने उभी राहतील. सर्दी अर्जंट, मेडिकल सर्टिफिकेट अर्जंट, आणि "साहेबांना फक्त नमस्कार करायचा होता" हे तर सर्वांत अर्जंट.

या सगळ्या पुस्तकांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे : वाचणाऱ्याचा वेळ वाचणाऱ्याच्या मालकीचा आहे. कंपाउंडरकाकांकडे स्वतःचा असा वेळच नाही. त्यांच्याकडे आहेत ते डॉक्टरांचे तीन तास, चाळीस पेशंटांची सकाळ आणि औषध कंपन्यांच्या पाच एमआरांची दुपार. ते दुसऱ्यांचा वेळ सांभाळतात, कापतात, जोडतात, आणि कमी पडला तर चक्क निर्माण करतात.

निर्माण कसा करतात, ते सांगतो. दवाखान्यात औषध कंपन्यांनी भेट दिलेली दोन घड्याळं आहेत. बाकड्यांसमोरचं दहा मिनिटं मागे असतं आणि डॉक्टरांच्या टेबलासमोरचं दहा मिनिटं पुढे. बाहेरच्याला वाटतं फार उशीर झालेला नाही, आतल्याला वाटतं फार उशीर झाला आहे. अर्ध्या दाराच्या दोन बाजूंमध्ये वीस मिनिटं फुकटात तयार झाली. मोबाईल आल्यापासून या शोधाची धार बोथट झाली आहे, पण आजारी माणूस अजूनही भिंतीवरच्या घड्याळावरच विश्वास ठेवतो, असं काकांचं निरीक्षण.

डॉक्टरांच्या पाटीवर 'सकाळी १० ते १' लिहिलेलं आहे आणि डॉक्टर साडेदहाच्या आसपास येतात. यावर बाहेरगावचे लोक नाकं मुरडतात. त्यांना भूगोल माहीत नसतो. भारताची प्रमाणवेळ मोजतात साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर. इंदूर आहे शहात्तर अंशांच्या किंचित अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर इंदूरचा सूर्य घड्याळापेक्षा साधारण सव्वीस मिनिटं मागे चालतो. म्हणजे दहा सव्वीसला येणारा डॉक्टर खरं तर सूर्याच्या हिशेबाने बरोबर दहाला आलेला असतो. शिवाय जेमतेम पंचावन्न किलोमीटरवर उज्जैन, जिथून आपल्या जुन्या ज्योतिष्यांनी शून्य रेखावृत्त नेलं होतं. काळ मोजायला जिथे सुरुवात झाली तिथल्या माणसांना मिर्झापूरची वेळ लावणं हाच मुळात अन्याय आहे. उज्जैनच्या जंतरमंतरला २०२४ मध्ये वैदिक घड्याळ बसवलं. त्यात एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत तीस मुहूर्त असतात, म्हणजे सरासरी अठ्ठेचाळीस मिनिटांचा एक. काकांना हे कळलं तेव्हा ते फार खूश झाले. आता कुणी "कित्ती देर लगेगी" विचारलं तर "बस, एक मुहूर्त" म्हणता येईल, आणि ऐकणाऱ्याला ते शुभही वाटेल.

पण तूर्त ते म्हणतात, "बस, दो-तीन नंबर के बाद." गेली कित्येक वर्षं हेच. तुमचा नंबर सात असो की सत्तावीस, तुमच्याआधी दोन-तीन नंबर असतात. ज्ञानी माणसं म्हणतील की हे अंदाज नीट काढता येतात. येतात की. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ मध्ये सिद्ध करून ठेवलं आहे : रांगेत सरासरी किती माणसं आहेत त्याला दर तासाला किती येतात-जातात याने भागा, की सरासरी किती थांबावं लागेल ते निघतं. बाकड्यांवर चोवीस माणसं, तासाला बारा आत जातात, तर दोन तास. काकांना हे गणित येतं. पण "दोन तास" ऐकून चोवीसपैकी दहा माणसं पोहे खायला निघून जातात, आणि नेमका त्यांचाच नंबर पुकारायची वेळ येते. मग ती परत येऊन भांडतात. "दोन-तीन नंबर" ऐकलेला माणूस बाकड्याला चिकटून राहतो, दर वीस मिनिटांनी पुन्हा विचारतो, आणि त्याला पुन्हा तेच उत्तर मिळालं की दिलासा मिळतो. लिटलसाहेबांच्या सूत्रात दिलासा धरलेला नाही.

दवाखान्यातल्या रांगेवर तर खास संशोधन झालं आहे. नॉर्मन बेली नावाच्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये हॉस्पिटलातल्या बाह्यरुग्ण विभागांच्या वेळापत्रकावर निबंध लिहिला. त्याचा सल्ला असा की सुरुवातीच्या वेळेला दोन पेशंट एकदम बोलवावेत, म्हणजे डॉक्टर रिकामे बसणार नाहीत, आणि नंतरचे एकेक करून, एका तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने. काकांची पद्धत मुळात हीच आहे. फक्त ते सुरुवातीला दोनाऐवजी चाळीस बोलावतात. डॉक्टर रिकामे बसू नयेत हा बेलींचा हेतू यात बेलींपेक्षाही जास्त साधतो.

थांबायला लावणं सोपं आहे, थांबलेल्या माणसाला शांत ठेवणं अवघड. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक गाजलेला लेख लिहिला. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा मोठा वाटतो, एकट्याने थांबणं चारचौघांत थांबण्यापेक्षा लांबतं, आणि काम सुरू होण्याआधीचं थांबणं काम सुरू झाल्यानंतरच्या थांबण्यापेक्षा जास्त टोचतं. पहिल्या दोहोंची काळजी इंदूर स्वतः घेतं. इथे एकटं थांबणं शक्यच नाही. बाकड्यावर बसल्यापासून पाचव्या मिनिटाला शेजारच्याला तुमचा आजार, मुलाचा पगार आणि तुमच्या कॉलनीतला प्लॉटचा भाव माहीत झालेला असतो. तिसऱ्या मुद्द्यासाठी काकांकडे वजनाचा काटा आहे. आलेल्या प्रत्येक माणसाचं ते आधी वजन करतात. ताप असो, कान दुखो, सुरीने बोट कापलेलं असो. "चला, काट्यावर." माणूस चप्पल काढून चढतो, काका आकडा गंभीरपणे वहीत लिहितात, मान किंचित हलवतात, आणि त्या माणसाच्या मनात उपचार सुरू होतात. पुढचा दीड तास तो तक्रार करत नाही. कापलेल्या बोटाचा आणि चौऱ्याहत्तर किलोंचा काय संबंध, हे आजवर कुणीही विचारलेलं नाही.

काकांच्या नियोजनाची खरी कसोटी लागते ती शुगरच्या पेशंटांपाशी. फास्टिंगला आठ तास पोट रिकामं हवं. इतर शहरांत लोक रात्री नऊला जेवतात आणि सकाळी सातला रक्त देतात, संपलं. इंदुरात रात्री सोन्याचांदीची दुकानं मिटली की सराफ्यात खाण्याची दुकानं उघडतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतात. त्यामुळे काकांचा पहिला प्रश्न "रात्री काही खाल्लंत का" असा नसतो. तो असतो, "सराफ्यातून किती वाजता निघालात?" उत्तर येतं, "एक बजे. लेकिन सिर्फ गराडू खाए." मग काका बोटांवर मोजतात आणि सांगतात, नऊनंतर या.

फास्टिंगचं रक्त दिलं की पेशंटला वाटतं, व्रत सुटलं. तो सरळ समोरच्या दुकानात जातो. जेवणानंतर दोन तासांनी दुसरं रक्त द्यायचं असतं. पण जेवण सुरू कधी झालं? नऊ वाजता पोहे, वर सेव आणि जीरावन. साडेनऊला गरम जिलबी उतरली म्हणून जिलबी. दहाला कुणी ओळखीचा भेटला, त्याने कचोरी खिलवली. दोन तास कुठल्या घासापासून मोजायचे? पुस्तकात लिहिलंय, पहिल्या घासापासून. पुस्तक लिहिणाऱ्याने पहिला आणि शेवटचा घास यांत सव्वा तासाचं अंतर असू शकतं अशी कल्पना केली नसावी. काका यावर तोडगा काढतात : पेशंटला दवाखान्याच्या पायरीवर बसवून पोहे तिथेच मागवतात, प्लेट रिकामी झाली की वहीत वेळ लिहितात आणि जिलबीची वाट अडवून उभे राहतात. याला क्लिनिकल प्रोटोकॉल म्हणायला हरकत नाही.

रांगेतल्या राजकारणाचा मराठी अध्याय वेगळा आहे. इंदुरातल्या आम्हा मराठी माणसांचं मराठी हे होळकरांच्या काळापासून हिंदीशी संसार करून बसलेलं. "माझा नंबर येऊन राहिला आहे का?" असं आम्ही सहज विचारतो आणि पुण्याच्या पाहुण्याला ठसका लागतो. नाटकाला, गणपतीला आणि बाकरवडीच्या पाकिटावरचा मजकूर वाचायला मराठी लागतं, पण त्याचा सर्वांत रोकडा उपयोग दवाखान्यात होतो. तीस हिंदीभाषक माणसांच्या रांगेत रामबागेतल्या आजी पुढे सरकून हळूच म्हणतात, "अहो, जरा बघा ना, घरी कुकर लावायचाय." त्यावर काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात खडसावतात, "माताजी, नंबर से ही आएगा!" आणि वहीत डोकं खुपसून, ओठ न हलवता पुटपुटतात, "त्या निळ्या शर्टानंतर उठा." जनता काकांच्या निःपक्षपातीपणावर खूश, आजी कुकरवर खूश. गंमत अशी की शेजारचे गुजराती शेठही आता "जरा बघा ना" एवढं शुद्ध मराठी शिकले आहेत.

त्याखेरीज 'सिर्फ रिपोर्ट दिखाना है' हा पंथ आहे. या पंथातला माणूस बसत नाही, दाराला टेकून उभा राहतो, कारण बसला तर तो पेशंट ठरेल. त्याचं काम दोन मिनिटांचं असतं. आत गेल्यावर रिपोर्ट दाखवून झाला की तो जुना गुडघा काढतो, मग बायकोला आत बोलावतो ("आलीच आहे तर हिचंही बीपी"), आणि निघताना दारात वळून विचारतो, "डॉक्टर साब, भात खा सकते हैं ना?" भात या विषयावर इंदुरात कुणीही दोन मिनिटांत सुटलेलं नाही. काकांनी यावर नियम केलाय की रिपोर्टवाल्याच्या मागोमाग एमआरला सोडायचं. इस्त्रीचा शर्ट आणि बॅग घेऊन एमआर आत पाऊल टाकतो, डॉक्टरांचा चेहरा बदलतो, आणि भाताचा प्रश्न आपोआप निकालात निघतो.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की काका म्हणजे निव्वळ चलाखी. तसं वाटणाऱ्यांनी थंडीच्या दिवसांत एखाद्या सकाळी तिथे बसून बघावं. चाळीस माणसं ओरडत असतात आणि काका कुणाकडे बघतही नाहीत. त्यांचं लक्ष असतं मागच्या बाकड्यावरच्या त्या माणसाकडे, जो काही बोलत नाही. कपाळावर घाम, डावा हात मांडीवर पडलेला, बरोबर बायको. विचारलं तर तोच म्हणतो, "कुछ नहीं, गैस है. कल कचोरी थोड़ी ज्यादा हो गई." या शहरात हृदयाला गॅस म्हणायची पद्धत आहे, कारण कचोरीवर सगळं ढकलता येतं. काका मनगटावर बोटं ठेवतात, वही स्टुलावर टाकतात आणि दारावर टकटक न करता आत शिरतात. ईसीजीची पट्टी निघते, काका एका हाताने पाणी आणि गोळी देतात, दुसऱ्याने १०८ ला फोन लावतात. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यवैद्य दॉमिनिक लारी याने जखमींवर उपचार हुद्दा बघून नव्हे, तर जखम बघून करायचा दंडक घातला होता. आमच्याकडे नगरसेवकाचे मेहुणे समोर उभे असतात आणि ते मागे सरकतात. त्या दहा मिनिटांत रिपोर्ट पंथातलाही कुणी "सिर्फ दो मिनट" म्हणत नाही. अँब्युलन्स निघाल्यावर काका परत स्टुलावर बसतात, वही उचलतात, आणि पहिला प्रश्न येतो, "भिया, अब कित्ते नंबर?"

याच गावात डॉ. भक्ती यादव होऊन गेल्या. नव्वदीतही बाळंतपणं बघत, फी मागत नसत, २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी गेल्या. बाळं काही अपॉइंटमेंट घेऊन येत नाहीत. असा डॉक्टर असला की त्याच्या मदतनिसाची घरी जायची वेळ पाटीवर लिहिता येत नाही, एवढंच इथे नमूद करतो. पुरस्कारांच्या यादीत मदतनिसाचा रकाना नसतो.

२०१७ मध्येच एका वैद्यकीय नियतकालिकात सदुसष्ट देशांचा आढावा आला होता : डॉक्टर एका पेशंटला सरासरी किती वेळ देतो? स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात अठ्ठेचाळीस सेकंद, आणि आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. पण या संशोधकांनी स्टॉपवॉच चुकीच्या दाराशी थांबवलं. आमच्याकडे पेशंट डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आला की तपासणीचा मुख्य भाग सुरू होतो. तो चिठ्ठी काकांपुढे धरतो आणि विचारतो, "काय म्हणाले हो डॉक्टर?" आतमध्ये तो फक्त मान डोलवत होता. मग काका समजावतात. ही गुलाबी सकाळी, उपाशीपोटी. चहा म्हणजे उपाशीपोटी नाही. ही पांढरी अर्धी, दाताने तोडू नका, सुरीने कापा. ही पाच दिवस पूर्ण घ्यायची, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी. नाही, शेजारच्या वहिनींना उरलेली द्यायची नाही. बाहेर सहा-सात मिनिटं सहज जातात. धरा की हीसुद्धा. स्वीडन नाही गाठणार, पण हळहळ जरा कमी होईल.

कार्यक्षमतेच्या शास्त्राने या माणसाची दखल घेतली नाही असं मात्र नाही. शंभरेक वर्षांपूर्वी फ्रँक गिलब्रेथ या अमेरिकन इंजिनिअरने शस्त्रक्रियांच्या फिल्म काढून सर्जनच्या हालचाली तपासल्या. तेव्हा सर्जन स्वतःच हत्यारं शोधत बसायचे. गिलब्रेथने सुचवलं की शेजारी एक मदतनीस असावा, सर्जनने हात पुढे करावा आणि हवं ते हत्यार तळव्यावर पडावं. आज जगभर तसंच चालतं. आमचे डॉक्टर मान वर न करता हात पुढे करतात, आणि हातात पेन, टॉर्च, शिक्का किंवा चहा यांपैकी त्या क्षणी जे हवं तेच येतं. चहाच्या जागी शिक्का आल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

मध्यंतरी डॉक्टरांचा मुलगा व्यवस्थापन शिकून बेंगळुरूहून सुटीवर आला. त्याने आधी ॲप आणलं. पेशंटने घरूनच वेळ घ्यायची, ११:२० म्हणजे ११:२०. ॲपवाले पेशंट खरोखरच ११:२० ला आले, आणि दवाखान्यात कधी नव्हे ती भांडणं झाली; कारण पूर्वी उशीर झाला की सगळ्यांना सारखाच झालेला असायचा, आता प्रत्येकाला आपला उशीर मिनिटांत मोजता येऊ लागला. टॅब्लेट अजून आहे. काका त्याच्यावर वही ठेवतात, लिहायला टेकू बरा मिळतो.

मग मुलाने दुसरा उपाय काढला : टाइमशीट. दर पंधरा मिनिटांना आपण काय केलं ते काकांनी लिहायचं, म्हणजे वेळ कुठे वाया जातो ते कळेल. दिवस निवडला तो नेमका अनंत चतुर्दशीनंतरचा. गिरण्या केव्हाच बंद पडल्या तरी चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांच्या झांक्या (चित्ररथ) निघतात, आणि अख्खं इंदूर पहाटेपर्यंत रस्त्यावर उभं राहून बघतं आणि खातं. मुलगा अकरा वाजता तपासायला आला तेव्हा कागद दुपारी एकपर्यंत पूर्ण भरलेला होता.

"काका, हे काय? दिवस तर अजून जायचाय."

"मग दुपारी कुठे वेळ मिळतो लिहायला? सकाळी दहालाच लिहून ठेवलं."

मुलाने मागच्या एका तासाच्या नोंदी पडताळून पाहिल्या. १०:१५, रामबागेतल्या आजी, कुकर. १०:३०, रिपोर्टवाला, नंतर भात. १०:४५, दोन लूज मोशन, एक मुरगळलेला पाय. सगळं जागच्या जागी होतं. फक्त मुरगळलेले पाय दोन निघाले.

"आणि हे ११:१५ च्या चौकटीत माझं नाव कशाला?"

काकांनी घड्याळाकडे पाहिलं, त्यातून दहा मिनिटं मनातल्या मनात दुरुस्त केली आणि पायाने काटा पुढे सरकवला.

"रात्री तुम्हीही सराफ्यात होता ना, भैयासाहेब? चप्पल काढा, वजन करून घेऊ. दोन-तीन नंबर आहेत तुमच्याआधी."